निकाल उलटा आला, आता पुढे काय?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्यांच्या पीएचडीचं सहावं वर्ष चालू आहे. विषय आहे पेशीच्या पटलावरचा एक रिसेप्टर (बाहेरचा संदेश टिपणारं प्रथिन) आणि त्याच्यामार्फत पेशीत जाणारे संदेश. त्यांच्या गाइडच्या लॅबने काही वर्षांपूर्वी एक पेपर छापला होता. एक विशिष्ट रेणू या रिसेप्टरला जी-प्रोटीनच्या वाटेनेच चालना देतो आणि बीटा-अरेस्टिनची वाट टाळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. (ही दोन्ही संदेश पुढे नेणारी पेशीतली प्रथिनं.) ते काम पुढे न्यायला म्हणून यांना घेतलं गेलं. पण गेल्या वर्षभरातले यांचे आकडे सांगतात की पेशीवरच्या रिसेप्टरची संख्या कमी केली की हा भेद उरतच नाही. सर म्हणतात, ‘रिपीट कर, घाई नको.’ पाच वर्षांची फेलोशिप संपली आहे, सध्या एका प्रोजेक्टमधून तात्पुरतं मानधन मिळतं. वडील निवृत्त झालेत, धाकट्या भावाच्या शिक्षणाचं कर्ज आहे. आई दर फोनला विचारते, ‘मग कुठलं औषध शोधलंस?’ हातात दोन ऑफर आहेत. एक जर्मनीत दोन वर्षांच्या पोस्टडॉकची. तिथे वेगळ्याच रिसेप्टरची क्रायो-ईएमने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून) रचना शोधायची आहे. दुसरी बंगळुरूतल्या एका औषध-संशोधन कंपनीत, ॲसे (रेणूंचा परिणाम मोजणाऱ्या चाचण्या) विकसित करणाऱ्या गटात. त्या विचारतात: सहा वर्षं फुकट गेली का? कंपनीत जाणं म्हणजे विज्ञान सोडणंच ना? आणि या विषयात भारतात राहून काही होतं का?

तुमच्या पत्रातला निम्म्याहून जास्त मजकूर त्या एका प्रयोगाबद्दल आहे. जर्मनीबद्दल जेमतेम चार ओळी आणि कंपनीबद्दल सहा-सात, त्यातल्याही तीन पगाराच्या. पुढे निर्णयाकडे येऊ तेव्हा हे लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवते. आधी प्रयोगाचं बघू.

इतर वाचकांसाठी जरा मागून सुरुवात करते. एक रिसेप्टर जागा झाला की तो एकामागून एक बऱ्याच जी-प्रोटीनना चालना देतो. त्यांनी जागं केलेलं एन्झाइम सायक्लिक एएमपी या निरोप्याचे ढीगभर रेणू बनवतं. प्लेट रीडरवर, म्हणजे मोजणीच्या यंत्रावर, आपण जे वाचतो ते मूळ संदेशाचं कितीतरी पटींनी वाढलेलं रूप असतं. अरेस्टिनचं तसं नाही. एका रिसेप्टरला एक अरेस्टिन येऊन चिकटतं, आपण तेवढंच मोजतो, मध्ये काही वाढत नाही. गणपतीच्या मंडपात माइकवर कुणी पुटपुटलं काय आणि खड्या आवाजात बोललं काय, मागच्या गल्लीत दोन्ही सारखंच कानठळ्या बसवतं. माइक काढून घेतला की पुटपुटणारा कोण ते कळतं. तुमचा रेणू पुटपुटणारा आहे. जी-प्रोटीनच्या मोजणीत त्याला माइक मिळाला, अरेस्टिनच्या मोजणीत मिळाला नाही, आणि सगळ्यांना वाटलं की तो एका वाटेची बाजू घेतो.

लॅबमध्ये हे घडतं तेही अगदी साधेपणाने. एचईके २९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत आपण रिसेप्टर भरमसाट भरतो, कारण तसा भरला तरच सिग्नल दणदणीत येतो, आणि सिग्नल दणदणीत आला की सगळे खूश. शरीरातल्या खऱ्या पेशींवर इतके रिसेप्टर सहसा नसतातच. तुम्ही चिकटला की न सुटणारा विरोधी रेणू घालून बरेचसे रिसेप्टर बंद पाडलेत आणि उरलेल्यांवर डोस-रिस्पॉन्सचा (मात्रा वाढवली की परिणाम किती वाढतो त्याचा) आलेख काढलात. जोरकस ॲगोनिस्टचा (रिसेप्टर जागा करणाऱ्या रेणूचा) आलेख उजवीकडे सरकला, पण माथा जागच्या जागी राहिला. तुमच्या रेणूचा मात्र माथाच खाली बसला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली, आणि त्या पठडीत तयार झालेल्या कुणालाही हे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवलेत तर तो म्हणेल, अहो, हा पार्शल ॲगोनिस्ट आहे, म्हणजे अर्धवट जोराचा, बाकी काही नाही.

याला तुम्ही पत्रात ‘निगेटिव्ह रिझल्ट’ म्हटलंय. मला ते पटत नाही. रेणूने काहीच केलं नसतं तर तो निगेटिव्ह रिझल्ट. तुम्हाला तर आधीच्या निरीक्षणाचं कारण सापडलंय.

आणि या खड्ड्यात पडलेली तुमची लॅब एकटी नाही. याच विषयातली सगळ्यात गाजलेली गोष्ट ओपिऑइडची, म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांची आहे. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की बीटा-अरेस्टिन २ नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम वाढतो आणि जास्त वेळ टिकतो. २००५ मध्ये लॉरा बोन यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं: अशा उंदरांत मॉर्फिनमुळे श्वास मंदावणं आणि बद्धकोष्ठता दोन्ही कमी. मग तर्क सरळच होता. अरेस्टिनला न बोलावणारा रेणू शोधा, वेदना जाईल आणि धोका टळेल. कंपन्या उभ्या राहिल्या, शेकडो पेपर आले. ओलिसेरिडीन हे औषध याच विचारातून पुढे आलं. अमेरिकेच्या एफडीएने ते २०१८ मध्ये नाकारलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये मंजूर केलं, तेही रुग्णालयात शिरेतून देण्यासाठी. श्वास मंदावण्याचा ठळक इशारा इतर ओपिऑइडसारखाच त्याच्याही माथी आहे. त्याच २०२० मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांचा तो प्रयोग आपापल्या ठिकाणी पुन्हा केला. अरेस्टिन नसलं तरी मॉर्फिनने श्वास मंदावतोच, असं तिघांनाही दिसलं. आणखी एका गटाने त्याच वर्षी मांडलं की हे नवे रेणू उंदरांत सुरक्षित वाटतात ते पक्षपातामुळे नव्हे, तर ते मुळातच कमी जोराचे ॲगोनिस्ट आहेत म्हणून. म्हणजे पुन्हा पुटपुटणंच.

बायस, म्हणजे रेणूने एका वाटेची बाजू घेणं, ही कल्पनाच खोटी, असा अर्थ मात्र काढू नका. काही रिसेप्टरांवर ती चांगली सिद्ध झाली आहे. पण मोजायचं कसं यावर इतका गोंधळ होता की २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन मार्गदर्शक सूचना छापल्या. त्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त आहेत. थिसिसमधल्या चर्चेच्या प्रकरणात त्यांचा आधार घ्या. परीक्षकाला लगेच कळेल की तुमचा निकाल एका मोठ्या वादात नेमका कुठे बसतो.

तरीही लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी करून घ्या असं मी म्हणेन. सर ‘रिपीट कर’ म्हणतात त्यात काही अंशी तथ्य आहे, फक्त तेच ते पुन्हा करण्यात नाही. पहिली गोष्ट, जी-प्रोटीनची चालना सायक्लिक एएमपीपर्यंत न जाता थेट रिसेप्टरपाशी मोजा, बीआरईटीने (दोन प्रथिनं जवळ आली की प्रकाशातून कळवणारी पद्धत) किंवा मिनी-जी (जी-प्रोटीनचं आटोपशीर रूप) वापरून. तिथे वाढ होत नाही, त्यामुळे अरेस्टिनशी तुलना समपातळीवर येते. दुसरी, वेळ. अरेस्टिन तुम्ही पाचव्या मिनिटाला वाचता आणि सायक्लिक एएमपी अर्ध्या तासाने, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. हळू चिकटणाऱ्या रेणूला पाच मिनिटं पुरत नाहीत आणि तिथूनही खोटा बायस उगवतो. दोन्ही एकाच वेळापत्रकावर वाचा. हे सगळं दीड-दोन महिन्यांचं काम आहे. त्यापुढे जर कुणी अजून रिपीट करायला सांगितलं, तर ते विज्ञानासाठी नसेल.

आता सर. तुम्ही लिहिलंय, ‘सरांना हे सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडावर तुमचा पेपर चुकला म्हणण्यासारखं आहे.’ आपल्याकडे गाइडशी नातं निम्मं गुरूचं आणि निम्मं वडिलांचं असतं, त्यामुळे जीभ अडखळणारच. पण त्यांच्या बाजूनेही एकदा बघा. त्या पेपरवर कदाचित एखादी ग्रँट उभी असेल, तिचा अहवाल द्यायचा असेल. पेपर छापला तेव्हा तो त्या काळातल्या रीतीनेच केला होता, त्यात लबाडी कुठेच नव्हती, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा निष्कर्ष घेऊन जाऊ नका, दोन आलेख घेऊन जा. ‘सर, माथा खाली का येतोय? तुम्ही असता तर पुढचा कंट्रोल कुठला घेतला असता?’ एवढंच विचारा. आधीचा दावा स्वतःच सुधारणारी लॅब म्हणून नाव होण्यात त्यांचंही नुकसान नाही, आणि बहुतेक गाइडना ते दुसऱ्या भेटीत पटतं. पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत ते तुम्हाला पिपेट तपासायला सांगतील.

नाहीच पटलं तर तुमची संशोधन सल्लागार समिती आहे. सहामाही बैठकीत हेच आलेख मांडा आणि इतिवृत्तात नोंद येईल असं बघा. सरांना न विचारता प्रीप्रिंट (छाननीआधीच इंटरनेटवर टाकलेला पेपर) मात्र टाकू नका. कायदेशीर-बेकायदेशीर सोडा, त्याने मिळणारं समाधान चार दिवसांचं आणि शिफारसपत्राचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा.

एक नियम बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसतो. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत थिसिस जमा करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर वेगळं, ते पीएचडी विभागात जाऊन लेखी विचारून घ्या. त्याच नियमावलीनुसार पीएचडीची मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सवलत आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. फेलोशिप संपलेल्या माणसासाठी प्रत्येक जादा महिना घरच्या खिशातून जातो. २०२३ पासून जेआरएफ (सुरुवातीची फेलोशिप) ३७,००० आणि एसआरएफ (नंतरच्या वर्षांची) ४२,००० रुपये झाली खरी, पण पाच वर्षांनंतर ती शून्य होते, आणि सहाव्या वर्षी विद्यार्थी जगतो कशावर याची चौकशी कुणी करत नाही. तुमच्या कर्जाचा विचार करताना अपराधी वाटून घेऊ नका. पैशाचा विचार करणारा संशोधक कमी दर्जाचा, ही समजूत ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांनी रुजवली आहे.

दुसरा प्रश्न, कंपनी म्हणजे विज्ञान सोडणं का. तुमच्याच विषयाचा इतिहास बघा. १९४८ मध्ये रेमंड अहल्क्विस्ट यांनी ॲड्रेनालिनचे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा, असं मांडलं. पहिल्या नियतकालिकाने तो पेपर परत पाठवला आणि दुसऱ्याने छापल्यावरही वर्षानुवर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्याचं औषधात रूपांतर केलं जेम्स ब्लॅक यांनी. ते ग्लासगोतली विद्यापीठाची नोकरी सोडून १९५८ मध्ये आयसीआय कंपनीत गेले आणि तिथे प्रोप्रॅनोलॉल बनलं. मग ते दुसऱ्या कंपनीत गेले, पोटातलं आम्ल कमी करणारा हिस्टामिनविरोधी रेणू शोधायला. पहिली चार वर्षं आणि सुमारे दोनशे रेणू खर्ची पडले, हाती काही लागेना. का, तर त्यांची चाचणी फक्त शुद्ध विरोधक पकडण्याच्या बेताची होती. एक रेणू अगदी सुरुवातीलाच त्यांच्या हातात येऊन गेला होता, पण तो आम्ल वाढवतो असं दिसल्याने बाजूला पडला. वेगळ्या नजरेने पुन्हा मोजल्यावर कळलं की तो पार्शल ॲगोनिस्ट आहे, थोडं चालवतो आणि थोडं अडवतोही. त्या धाग्यावरून पुढे बुरिमामाइड आलं, १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं. वाचताना ओळखीचं वाटलं असेल. तुमच्या थिसिसमध्ये ज्या समीकरणाने तुम्ही एफिकसी (रेणूचा जोर) काढली आहे, ते ऑपरेशनल मॉडेलही ब्लॅक आणि पॉल लेफ यांचंच, १९८३ चं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर ते वाटून घेणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांनीही सगळी हयात कंपनीत काढली, आणि त्यांची तर पीएचडीही पुरी झाली नव्हती.

पण नोबेलच्या गोष्टींवर आयुष्याचा निर्णय बेतू नये. अशा गोष्टी उलट बाजूच्याही आहेत. ब्रायन कोबिल्का यांनी बीटा रिसेप्टरच्या रचनेमागे वर्षानुवर्षं काढली, मध्ये मोठा निधी बंद झाला, आणि २००७ मध्ये रचना हाती आली. २०१२ चं नोबेल त्यांना आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळालं. तशीच चिकाटी धरून काहीच हाती न लागलेल्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ते नव्हतेच असं वाटतं.

तेव्हा व्यवहारातलं बोलू. आपल्याकडे कंपनीतून परत प्राध्यापकीकडे येणं अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. निवड समित्या पेपर मोजतात, फेलोशिपना वयाच्या किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांच्या अटी असतात. तुम्हाला मनापासून स्वतःची लॅब हवी असेल तर पोस्टडॉक टाळून चालणार नाही. पण पत्रात मला ती इच्छा कुठे दिसली नाही. ‘सगळे जातात’ एवढंच दिसलं.

भारतात काही होत नाही, हा समज तर सरळ सोडून द्या. आयआयटी कानपूरचे अरुण शुक्ला जर्मनीत पीएचडी आणि ड्यूकला लेफ्कोविट्झ यांच्याकडे पोस्टडॉक करून आले, आणि अरेस्टिनवरचं त्यांचं काम जगभर वाचलं जातं. सीसीएमबी हैदराबादला अमिताभ चट्टोपाध्याय यांनी सेरोटोनिन रिसेप्टर आणि पटलातलं कोलेस्टेरॉल यांवर वर्षानुवर्षं काम केलं. आयआयएससीच्या संध्या विश्वेश्वरैया यांच्या अभ्यासातला ग्वानिलिल सायक्लेज सी हा आतड्यातला रिसेप्टर एका नॉर्वेजियन कुटुंबातल्या पिढीजात जुलाबाचं कारण निघाला. मुंबईत टीआयएफआरला विदिता वैद्य सेरोटोनिन आणि मनोविकारांवर काम करतात. बाहेर जाऊन शिकून यावं, जरूर. पण देशात जागाच नाही म्हणून जाऊ नये.

आईच्या प्रश्नाला तुम्ही लाजता, ते का, हे मला कळलं नाही. त्यांचा गोळ्यांचा डबा उघडा. बीपीची टेल्मिसार्टन असेल तर ती अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर बसते. सर्दीची सेटिरिझिन हिस्टामिनच्या. शेजारच्या काकांची मेटोप्रोलॉल थेट बीटा रिसेप्टरवर. मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश जी-प्रोटीनना चालना देणाऱ्या याच कुटुंबातल्या रिसेप्टरांवर काम करतात. ‘औषध शोधलं नाही आई, एक औषध खोटं बोलत होतं ते पकडलं,’ एवढं सांगितलंत तरी त्यांना समजेल. आपल्या आया आपण समजतो त्यापेक्षा जास्त समजून घेतात.

आता निर्णय. जर्मनीतली लॅब रचनेची आहे. ते काम सुंदर असतं, पण त्यात दिवस जातो प्रथिन शुद्ध करण्यात, ग्रिड गोठवण्यात आणि संगणकावर कण निवडण्यात. तुम्ही ज्या आलेखाबद्दल पानंच्या पानं लिहिलीत, तो तिथे तुमच्या वाट्याला क्वचित येईल. कंपनीत तो रोजचा असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणते, कारण सगळं या एका मुद्द्यावर अडतं: तुम्ही ॲसे रचणार की दुसऱ्याने रचलेल्या ॲसेच्या प्लेटा चालवणार? मुलाखत घेणाऱ्याला सरळ विचारा की गेल्या वर्षी या गटाने कुठला ॲसे स्वतः उभा केला, तो चुकतोय हे कळलं तेव्हा कोण बोललं, आणि पुढे काय झालं. उत्तर पाल्हाळिक आलं तर समजून जा. बाँड आहे का, नोटिस पिरियड किती, पीएचडीच्या कामाचा पेपर रुजू झाल्यावर छापता येईल का, हेही विचारा. शेवटच्याचं उत्तर ई-मेलवर घ्या. जर्मनीतल्या प्राध्यापकांना विचारा की निधी दोन वर्षांचा पक्का आहे का, आणि आधीचे तीन पोस्टडॉक आज कुठे आहेत. शक्य असेल तर त्या तिघांपैकी एकाशी फोनवर बोला. लिहिताना माणसं सावध असतात, बोलताना खरं निघून जातं.

मला विचाराल तर, तुमच्या पत्रावरून, ॲसे रचण्याचं काम असेल तर मी कंपनी घेईन. फक्त प्लेटा चालवायच्या असतील तर दोन्ही ऑफर सोडून देशातच मोजमापाचं काम करणाऱ्या लॅबमध्ये पोस्टडॉक शोधेन. कर्ज आहे, त्यामुळे हा तिसरा मार्ग महाग पडेल. भावाशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला, हप्ता त्याच्याही नावावर आहे.

आणि कंपनीला आजच कळवा की थिसिस जमा केल्याशिवाय रुजू होता येणार नाही, तीन-चार महिने लागतील. चांगल्या कंपन्या थांबतात. ‘जॉइन व्हा, थिसिस शनिवार-रविवारी लिहा’ असं म्हणाले तर हो म्हणू नका. प्लेट रीडरसमोर दिवस काढून रात्री कुणी प्रकरण पाच लिहीत नाही, आणि वर्षभराने तुमचे कच्चे आकडे कुठल्या हार्ड डिस्कवर आहेत ते लॅबमध्ये कुणालाच सांगता येत नाही. त्या आकड्यांची एक प्रत सरांच्या संमतीने आत्ताच करून ठेवा, वहीच्या पानांच्या फोटोंसकट.